मे महिन्यातला रस्ता

मी रस्तेखात्याच्या त्या ओव्हरसियरचा सूड घेतला, आणि तो सायकलवरून घेतला. आडपडदा कशाला ठेवायचा? आमच्याकडे लोक अजून विचारतात, "एवढ्या साहेबाला तू चिखलात उतरवलास तरी कसा?" विचारताना हसतात. पुष्कळ दिवस मीही हसलो. आता सगळंच एकदा लिहून टाकतो.

माझी थोरली बहीण रहाटणीहून मावळात दिली. धरणाच्या पलीकडच्या अंगाला, डोंगराच्या पोटात, पंधरा-सोळा घरांची वाडी आहे. मूळ गाव खाली खोऱ्यात होतं. धरण झालं, गाव पाण्यात गेलं, वीज मुंबईला गेली आणि माणसं जनावरं हाकत वर चढली. हे माझ्या जन्माआधीचं. गावाबरोबर जुना गाडीरस्ताही बुडाला, पण पुरता मेला नाही. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो वर यायचा. भेगाळलेला गाळ, त्यातून निघालेली दगडी मोरी, मैलाचा दगड, कडेला आंब्यांचे काळे बुंधे. माघ सरला की बैलगाडी त्यावरून थेट वाडीखाली जायची. पाऊस लागला की ते दोन मैल पुन्हा पाण्यात. मग माणसांनी डोंगर चढायचा, ओढा ओलांडायचा, डोंगर उतरायचा, तेव्हा धरणाच्या भिंतीकडून आलेल्या मुरमाच्या रस्त्याचं टोक सापडायचं. हा मुरमाचा रस्ता चार मैलांचा. त्यावर खात्याचे दोन मजूर दर साल मुरूम टाकायचे. वाडीचं मीठ, रॉकेल, रेशनचे गहू तिथवर गाडीने यायचे आणि तिथून डोक्यावर.

एका आषाढात बांध घालताना दाजींच्या पायावर कुदळ बसली. खाचरातल्या चिखलाने जखम नासली. पाऊस उघडेना, ओढा उतरेना. सहाव्या दिवशी चौघांनी घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली आणि त्यांना डोंगरावरून आणलं. सकाळी निघालेली माणसं दिवेलागणीला मुरमाच्या टोकाला पोचली. पुण्याच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणला असता तर पाय राहिला असता. गुडघ्याखाली कापला.

मी तेव्हा चिंचवडला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होतो. आणि ज्याला हवं त्याला पत्रक लिहून देत होतो. नळाचं पाणी, रेशनमधले खडे, पिंपरीच्या नव्या कारखान्यातली कपात, भोसरीच्या बाजाराची जागा, कशावरही. "जागे व्हा!" असं वर मोठ्या टायपात आणि खाली बारीक टायपात आमचा संताप. मला वाटायचं, मला लिहिता येतं. ताईसाठी मी रस्तेखात्याला अर्ज लिहिला. बारमाही रस्ता द्या. उत्तर आलं ते दोन ओळींचं: सदर वाडीस रस्ता उपलब्ध आहे, पाहणी झालेली आहे.

मी कागद घेऊन कचेरीत गेलो. ओव्हरसियर चाळिशीचा, सडसडीत, पँटच्या पायाला सायकलची क्लिप तशीच. टेबलावर कॉलेजातल्या शर्यतीचा चांदीचा पेला, त्यात टाचण्या.

"रस्ता आहे," तो म्हणाला.

"साहेब, तो पाण्याखाली आहे."

"मे महिन्यात मी स्वतः पाहणी केलीय. सायकलवरून गेलोय. मोरीसुद्धा शाबूत आहे."

"मेमध्ये शाबूत असेल. आषाढात?"

"आषाढात त्या डोंगरात जातं कोण?"

"माझ्या दाजींना जायचं नव्हतं साहेब, यायचं होतं."

त्याने टाचण्यांचा पेला इकडचा तिकडे केला. "हे बघा पत्रकवाले, इथं भाषण नको. धरणाभोवती रस्ता आहे. नकाशात आहे, यादीत आहे. खोटं वाटत असेल तर सायकल काढा आणि फेरी मारून या."

त्या खोलीतून मी सूड घेऊनच बाहेर पडलो. पुढचं सगळं फक्त आखणीचं काम होतं.

पाहण्या मेमध्येच का होतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवसांत साहेबलोकांची फिरती असते, नद्या कोरड्या असतात, बूट भिजत नाहीत. धरणही तेव्हाच आटलेलं. म्हणजे जो रस्ता वर्षातले चार महिने असतो तो त्याच चार महिन्यांत पाहायचा आणि बारमाही म्हणून लिहायचा. यात लबाडी कमी आणि सवय जास्त होती. पण एका पायाच्या माणसाच्या मेहुण्याला सवयीचं काय कौतुक? माफ करायला मी काही संत नव्हतो.

चिंचवड स्टेशनाजवळ एक सायकलवाला होता. भाड्याने सायकली द्यायचा, पंक्चर काढायचा, आणि आमच्या सायकल मंडळाचा अध्यक्षही तोच, कारण पंप त्याचा. ओव्हरसियर सायकल त्याच्याकडेच ओव्हरऑइलिंगला टाकायचा. मी त्याला म्हणालो, मंडळाची एक निसर्गरम्य सहल काढू. धरणाभोवती. प्रमुख पाहुणे ओव्हरसियर साहेब.

त्याने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबली आणि बुडबुडे बघत राहिला. "राव, तुझ्या तोंडी निसर्ग? काय शिजतंय?"

मी सांगितलं.

"माणूस वाईट न्हाई तो. दर वेळी दोन चहा सांगतो."

"दाजींचा पाय दोन चहात बसत नाही."

"बरं बाबा," तो म्हणाला. "पण ब्रेक मी तपासणार सगळ्यांचे. सूड घे, मुडदा नको."

भाद्रपदात गणपती उठल्यावर मी एकटा जाऊन मार्ग मोजून आलो. चाकाच्या आऱ्याला लाल चिंधी बांधायची आणि फेरे मोजायचे, शंभर झाले की खिशात एक चिंचोका टाकायचा. वाकड, हिंजवडी, घोटवडे, मग खिंड, मग धरण. जन्मात इतक्या काळजीने मी काही केलेलं नाही. धरणाच्या भिंतीपासून डावीकडे मुरमाच्या रस्त्याने निघालं तर पाणी चौथ्या मैलालाच आडवं येतं. माणूस म्हणतो, अरेच्चा, आणि परत फिरतो. त्यात काय मजा? म्हणून फेरी उजवीकडून धरली. उजवीकडून अकरा मैल रस्ता खरोखर आहे. आधी साग आणि ऐनाची सावली, मग देवीचं देऊळ, मग शेवटचे तीन मैल असा उतार की पायडल मारायला नको. आणि त्या उताराच्या तळाशी पाणी. तिथून मागे फिरायचं तर तोच उतार चढ होऊन उभा. पुढे जायचं तर सायकल खांद्यावर आणि डोंगर. चहा कुठे, फराळ कुठे, दम कुठे, सगळं लिहिलं. देवळापाशी पाहुण्याला मानाचा नारळ द्यायचा, म्हणजे त्याला उतारावर परत फिरायची बुद्धी होणार नाही. आखताना माझं मलाच कौतुक वाटत होतं, खरंच सांगतो.

तारीख दसऱ्यानंतरच्या रविवारची. तेव्हा धरण काठोकाठ असतं.

निमंत्रणाचं पत्रक मीच लिहिलं. ज्या हाताने "जागे व्हा" लिहायचो त्याच हाताने "हिरवीगार वनराई" लिहिली. मार्गाखाली छापलं: रस्तेखात्याच्या नकाशानुसार. ओव्हरसियरने ते वाचलं तेव्हा मी सायकलवाल्याच्या बाकावर बसलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"पत्रकवाले, पटलं म्हणायचं तुम्हाला?"

"आपणच म्हणालात, फेरी मारून या. म्हटलं, आपल्यालाच पुढे घालू."

क्षणभर त्याच्या कपाळाला आठी पडली. दसऱ्यानंतर पाणी किती असतं हे त्याला ठाऊक नव्हतं, तो आमच्याकडे येऊन वर्ष झालं नव्हतं. शंका मात्र आली असणार. पण मंडळाचे चौघे-पाचजण बघत होते, आणि नको म्हणणं म्हणजे रस्ता नाही असं म्हणणं. त्याने पँटची क्लिप बसवली. "येतो. बघू कोण दमतं."

आम्ही नऊजण निघालो. तो माणूस सायकल सुरेख चालवायचा, हे कबूल केलं पाहिजे. पाठ वाकलेली, गुडघे आत, चढावरही उठून उभा राहत नव्हता. खिंडीत तो सगळ्यांच्या आधी पोचला आणि वरून हाका मारायला लागला, "अरे या, या! किती सुंदर आहे!" सुंदर होतंच. खाली सगळं खोरं निळंशार भरलेलं, बेटासारखे डोंगर वर आलेले. बघणाऱ्याला कुणी सांगितलं नाही तर खाली गाव आहे हे कळत नाही. मी सांगितलं नाही. देवळापाशी नारळ दिला. उतार लागला आणि तो हँडल सोडून, हात पसरून सुटला. मी मागून बघत होतो आणि मैल मोजत होतो.

रस्ता पाण्यात शिरत होता. म्हैस शिरते तसा, घाई न करता. आधी चाकोऱ्यांत पाणी, मग मैलाच्या दगडाचं नुसतं पांढरं डोकं, मग काही नाही. पार पलीकडे, पाण्याच्या त्या टोकाला, मुरमाची तांबडी रेघ दिसत होती.

ओव्हरसियर उतरला. ब्रेक चांगले होते म्हणून, नाहीतर पोहायलाच गेला असता.

त्याने पुढच्या चाकाने पाण्याचा काठ चाचपला. मग तो म्हणाला, "यंदा पाणी जास्त दिसतंय."

सायकलवाला म्हणाला, "साहेब, हितं दर साली यंदाच असतंय."

सगळे हसले. त्याच्या मानेवर लाली चढत गेलेली मी बघितली आणि मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. "मोरी इथंच कुठंतरी असेल साहेब," मी म्हणालो, "शाबूत." मग विचारलं, "फेरी पुरी करायची, की अकरा मैल मागे? पुरी करायची तर वरून वाट आहे."

त्याने सायकल उचलून खांद्यावर घेतली.

पाऊलवाट शेवाळलेली, एका वेळी एकाच पावलाची. लोखंडी सायकल घेऊन ती चढायची म्हणजे दांडी मानेत रुततेच, शिवाय पायडल बरगडीत बसतं. पहिल्या टप्प्यातच त्याच्या बुटाची टाच निघाली. ओढ्यात तो मांड्यांपर्यंत भिजला. ओढ्यापलीकडे खाचराच्या बांधावरून घसरून सायकलीसकट चिखलात बसला. माझा एक हात मोकळा होता. मी दिला नाही. सायकलवाल्याने दिला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे पाहिलं.

वाडीत पहिलं घर ताईचं. मी तिला काही कळवलं नव्हतं. चिखलाने माखलेला एक माणूस दारात उभा बघून तिने आधी पाण्याची घागर काढली.

दाजी ओटीवर कुबडी शेजारी ठेवून दोरी वळत बसले होते. "या साहेब," ते म्हणाले, "पाय पसरून बसा निवांत. माझा एकच हाय, जागा लई हाय."

ओव्हरसियर बसला नाही. त्याची नजर खाली गेली आणि तिथेच राहिली. मी याच घटकेसाठी चिंचोके मोजले होते. मी सुरू केलं: हाच तो रस्ता, हीच ती पाहणी, आषाढात डोंगरात जातं कोण...

"गप रं!" ताई ओरडली. "पाव्हणा दमलाय. भाकर तर खाऊ दे त्याला."

तिने तांदळाच्या भाकरी आणि खुरासणीची चटणी वाढली. तो खात होता. दाजी त्याला वाटेची माहिती देत होते, कुठे दरड येते, कुठून वळण काढलं तर ओढा चुकतो. त्यांनी दोरीचं टोक जमिनीवर वळवून दाखवलं, असं असं. ओव्हरसियरने खाणं थांबवून विचारलं, "इथं खडक आहे की माती?" दोघं बोलत राहिले. मला ते मुळीच आवडलं नाही.

मी पंचनामा लिहून आणला होता. रस्ता पाण्याखाली आहे, सायकल खांद्यावर घ्यावी लागली, खाली पंच. त्याने वाचला आणि खिशातून पेन काढून सही केली. मग म्हणाला, "एक ऐका. दोन मैल वरच्या अंगाने वळण काढता येईल. मी प्रस्ताव पाठवतो. पण हा कागद माझ्या हातून वर जाऊ द्या. छापू नका. छापलंत तर खातं आधी स्वतःची कातडी वाचवेल, मग रस्त्याचं बघेल."

"न्हाई छापणार त्यो," ताई म्हणाली. माझ्याकडे न बघता. मी हो म्हणालो नाही आणि नाही म्हणालो नाही.

पंचनाम्याची एक प्रत त्याने नेली, एक माझ्याकडे राहिली. आठ दिवस मी गप्प होतो, आणि माझ्यासारख्याला आठ दिवस म्हणजे पुष्कळ. नवव्या दिवशी तो सायकलवाल्याकडे आला. बुटाला नवी टाच. दुकानात कुणीतरी विचारलं, काय साहेब, कशी झाली सहल? तो हसला. "झकास! थोडा चिखल लागला, पण असा देखावा नाही बघायला मिळत."

देखावा! मी तिथून उठलो.

"थांब की राव," सायकलवाला मागे येत म्हणाला. "कागद वर जायला वेळ लागतो. तुझ्या बहिणीने शब्द दिलाय."

"मी नाही दिला."

त्या दुपारी मी जे पत्रक जुळवलं तसं पुन्हा माझ्या हातून झालं नाही. खिळे आपोआप हातात येत होते. "ओव्हरसियर साहेबांचा जलप्रवास." टाच निघाली ते लिहिलं, चिखलात बसले ते लिहिलं, "यंदा पाणी जास्त" लिहिलं, नारळ लिहिला, खाली सहीसकट पंचनामा. चिंचवड स्टेशनात वाटलं, पिंपरीच्या कारखान्याच्या फाटकावर पाळी सुटताना वाटलं, भोसरीच्या बाजारात, दिघीच्या रस्त्याला, आणि एक त्याच्या कचेरीच्या दारावर खळ लावून. आठवड्यात असं झालं, की तो सायकलवरून निघाला की पानाच्या ठेल्यावरून कुणीतरी ओरडायचं, "साहेब, मोरी शाबूत हाय का?" त्याने सायकल सोडली. तो मोटारीने यायला लागला. माणसाची सायकल सोडवली मी! संक्रांतीच्या आत त्याची बदली झाली. मी छापखान्यात पेढे वाटले.

आज विचाराल तर त्या ओव्हरसियरबद्दल मला अजून दया येत नाही. त्याने आधी पाहायला हवं होतं.

पुढच्या आषाढात मी वाडीला गेलो. धरणाच्या भिंतीपासून मुरमाच्या रस्त्याने निघालो, आणि दुसऱ्या मैलाला सायकल थांबवावी लागली. तिथली मोरी वाहून गेली होती आणि कुणी ती पुन्हा घातली नव्हती. पुढे मुरूम धुऊन गोटे वर आलेले. खात्याचे दोन मजूर कुठे दिसेनात. धरणावरच्या चौकीदाराने सांगितलं, "रस्ता यादीतनं काढला की. नवीन साहेब आला, त्याच्यापुढं तुमचाच छापील कागद ठेवला म्हणं. जुन्या साहेबाची सही. रस्ता न्हाई असं सहीनिशी असल्यावर मुरूम कशावर टाकायचा?" वळणाच्या प्रस्तावाचं त्याने काही ऐकलं नव्हतं.

धरणाभोवतीची सगळी फेरीच त्यांनी खोडली. पाण्यातले दोन मैल, उजवीकडचे अकरा, आणि त्याबरोबर वाडीचे कोरडे चारही.

ताई दारात नव्हती. वाडीतल्या बायांबरोबर ती सहा मैलांवरून रॉकेल आणायला गेली होती, गाडी आता भिंतीपाशीच थांबत होती. संध्याकाळी आली, डबा ठेवला, पाय धुतले आणि चुलीकडे गेली. जेवणं झाली. मग तिने फळीवरून घडी केलेला कागद काढून दाजींच्या हातात दिला. ते माझं पत्रक होतं.

"वाचा वो पुन्हा एकदा. ह्याच्या म्होरं."

दाजी चौथी शिकलेले. बोट ठेवून, हळूहळू त्यांनी सगळं वाचलं. टाच आली, चिखल आला, नारळ आला. कचेरीत लोक याच ओळींना खदखदून हसले होते. तिथे कुणी हसलं नाही.

"झालं?" ताईने विचारलं.

"झालं. खाली सह्या हायेत."

"मग ह्यात रस्ता कुटं मागितलाय?"

मी कागद ओढून घेतला. मला वाटलं दाजींची एखादी ओळ चुकली. मी वरून खाली वाचलं, मग पंचनामा वाचला, मग पुन्हा वरून. साहेबाच्या बुटाला चार ओळी होत्या. वाडीला बारमाही रस्ता द्या, हे कुठेच नव्हतं. दाजींच्या पायाचं नाव नव्हतं. मी ते लिहायचं विसरलो होतो.

"त्यो बरा मानूस हुता का वाईट, मला ठावं न्हाई," ताई म्हणाली. "पर माज्या ओटीवर बसून त्यानं खडक का माती इचारलं. तू इचारलंस कदी?"

दाजींनी कागदाची घडी घातली आणि कोरी बाजू वर करून माझ्यापुढे ठेवली.

"आता कुणाच्या नावानं लिवायचं? नवा सायेब कोन हाय?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग इचारून ये," ते म्हणाले. "आन येताना मोजायची टेप घिऊन ये. तोवर आमी वळणावरचं झुडूप काढून ठिवतो."